तयार व राजी

काकांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिला बसायला जागा करून दिली. "बस," ते म्हणाले, "उभं राहिल्याने दावा लवकर निकाली निघतो असं काही नसतं." ती बसली, आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं की निदान आज तरी इथे बसायला नको होतं. काका नात्याचे नव्हते; ते प्रतिवादी होते, ती वादी होती, आणि आज तिची उलटतपासणी होती. कॉरिडॉरच्या टोकाकडून तिच्या वकीलबाई छातीशी फायलींची चळत धरून येत होत्या, त्यांनी लांबूनच भुवया वर केल्या. दर तारखेला त्या तेच सांगत. "त्यांच्याशी बोलू नका हो. करार केला, विसार घेतला, आणि खरेदीखताच्या तोंडावर घर विकायचं नाही म्हणाले. अशा माणसाशी बोलायचं काय?" दर तारखेला ती मान डोलवी, आणि पुढच्या तारखेला परत काकांच्या शेजारी बसलेली असे. एक तर त्या कॉरिडॉरमध्ये बाकच एक होता. आणि काका नेहमी लवकर येऊन जागा धरून ठेवत. कुणासाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि तिने कधी विचारलं नव्हतं.

वकीलबाईंनी तिला खिडकीपाशी ओढून नेलं आणि एक कागद पुढे केला. "एकदा नजरेखालून घाला. तुमचंच प्रतिज्ञापत्र आहे, पण तिथे उभं राहिलं की माणसं स्वतःचंच विसरतात." तिने तो कागद पूर्वी वाचला होता, खाली सही केली होती, आणि तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. आता नजर एका ओळीत अडकली. 'वादी ही करारातील आपला भाग पुरा करण्यास पहिल्यापासून आजतागायत अखंडपणे तयार व राजी होती व आहे.' जेवताना दाताचा टवका उडावा आणि मग दिवसभर जीभ पुन्हा पुन्हा त्या धारेवरच जावी, तसं तिचं मन त्या 'अखंडपणे'वर जाऊ लागलं. "हा शब्द हवाच का?" तिने विचारलं. "त्या शब्दावरच तर सगळा दावा उभा आहे," वकीलबाई म्हणाल्या. "विकणारा फिरला तरी घर घेणाऱ्याला मिळू शकतं. पण कुणाला? ज्याला ते सतत हवंच होतं त्याला. मधे एकदा जरी कुणाजवळ नको म्हणालात, की संपलं. विसार परत घ्यायचा आणि घरी जायचं." "आणि नुसतं मनात म्हटलं असेल तर?" "मनात कोर्ट शिरत नाही. तोंडाबाहेर पडलं की शिरतं." मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "म्हणालात का काही कुणाला?" "नाही," ती म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. आजचा पहिला खोटा शब्द, आणि शपथ अजून घ्यायचीच होती. कारण एका दुपारी ती म्हणाली होती, एकदाच, मोठ्याने, आणि नेमकी काकांना. त्यांना ते ऐकू गेलं होतं की नाही, एवढंच तिला ठाऊक नव्हतं.

ती परत येऊन बाकावर बसली. काका पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढत होते. त्यांनी एक तिच्यापुढे धरलं, तिने नको म्हटलं, त्यांनी ते स्वतःच खाल्लं. बिस्किट मोडल्याचा आवाज स्वच्छ आला. दोन्ही बाजूंनी सारखा दाब पडल्याचा आवाज. असल्या आवाजांकडे तिचा कान आपोआप जाई. ती दात बनवायची. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा घेऊन पाठवत, ती त्यात प्लास्टर ओतून साचा काढी, साच्यावर मेणाचे दात रचून बघी, आणि मग पक्के दात, कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या करून परत पाठवी. ज्यांच्या तोंडात ते बसत ती माणसं तिने कधी पाहिलेली नसत. म्हणून तिला विचारायची सवय लागली होती. ती डॉक्टरांना फोन करून विचारी, हे गृहस्थ कुठल्या बाजूने चावतात? हसतात तेव्हा वरचा ओठ किती वर जातो? डॉक्टर आधी वैतागत, मग सांगत, कारण तिच्याकडचं काम परत करावं लागत नसे. हे सगळं चाले ते भाड्याच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकाच्या ओट्यावर. प्लास्टरची पूड डब्यांवर बसे, झाकणांखाली जाई, दुधावर तरंगे. तिचा नवरा म्हणे, "आपल्या घरात मीठ टाकण्याआधी ते मीठच आहे ना, हे बघायची पद्धत आहे." त्याहून मोठी अडचण होती उजेडाची. दात पांढरा नसतो. त्याला मुळाशी पिवळसर झाक असते, टोकाला निळसर काचेसारखी पारदर्शकता असते, आणि तो रंग जुळवायचा तर उत्तरेचा स्थिर उजेड लागतो. तिच्या खोल्यांना उत्तर नव्हतीच. रंग बघायचा झाला की ती चिमट्यात दात धरून जिना उतरे आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून तो आकाशापुढे धरी. दुकानदाराने तिला गिऱ्हाईक समजणं केव्हाच सोडून दिलं होतं.

काकांच्या घराला मागे एक खोली होती आणि त्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी होती. खिडकी रंगाने चिकटून बंद झालेली, तावदानांवर धूळ, खोलीत मोडक्या खुर्च्या आणि लोखंडी सामान. तरी पहिल्या दिवशी दारात उभं राहिल्याबरोबर तिच्या तळहातांना घाम आला. काका लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त. "जन्मभर लोकांना वर पोचवलं," ते म्हणाले, "आणि स्वतः घर घेतलं ते एकमजली. घरी तरी बटण दाबायला नको." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक दुसऱ्या शहरात होती आणि बाबा आता इकडेच या म्हणून मागे लागली होती. उत्तरेच्या त्या उजेडासाठी तिने घर घ्यायचं ठरवलं, भाव ठरला, करार झाला, आणि मग तिने काकांना विचारायला सुरुवात केली. मागच्या खोलीत उजेड किती वेळ टिकतो? कुठलं दार दमट हवेत फुगतं? दुपारी इथे कुठले आवाज येतात? काका गोंधळून गेले. "घर आहे बाई, घरासारखं. चार भिंती आहेत, वर छप्पर आहे. हवं तर मोजून घे." त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. बायको गेल्यापासून ते पुढच्या खोलीत राहत होते. खाट, रेडिओ, एक दिवा. बाकीचं घर नुसतं त्यांच्या पाठीमागे उभं होतं.

पण या माणसाने आयुष्यभर बिघाड शोधलेले होते. प्रश्न आला की तो तसाच टाकून देणं त्यांना जमलं नसावं. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "अगं, तू विचारलं होतंस ना दुपारच्या आवाजांचं? मी आज मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो होतो. शेजारच्या पत्र्यावर कबुतरं चालतात. चालतात म्हणजे अशी, पायात बूट घातल्यासारखी." ती हसली होती. हातात मेण होतं, ते निवून गेलं, तरी ती बोलत राहिली. "आणि काका, सकाळी?" "सकाळी काय ते बघून सांगतो." सकाळचं त्यांनी सांगितलं: स्वयंपाकघर आणि मागची खोली यांची शेजारच्या बाजूची भिंत पहाटेपासून कोमट असते. पलीकडे बेकरीची भट्टी आहे. "इतकी वर्षं राहतोय, पण त्या भिंतीला पाठ कधी लावली नव्हती. फुकटचा शेक आहे गं!" मग त्यांनी खिडकीचा रंग खरवडून ती उघडली. मग फरशी धुतली. तिच्या प्रत्येक प्रश्नाला आता उत्तर मिळू लागलं आणि प्रत्येक उत्तरातून तिला पुढचा प्रश्न सुचू लागला, आणि आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिला वाटत होतं की ते घर हळूहळू तिचं होतंय. ते होतच होतं कुणाचं तरी. खरेदीखताचा दिवस ठरला आणि त्याच्या आधी एका संध्याकाळी काका स्वतः तिच्या खोल्यांवर आले, प्लास्टरने माखलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसले, आणि म्हणाले, "मला घर विकायचं नाही." ती हात पुसत उभी राहिली. "का?" "बघ, परत विचारलंस! विचारत सुटलीस म्हणून तर हे झालं. मी काय विकतोय ते मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. आता कसं विकू?" ते उठले तेव्हा त्यांच्या पँटला पांढरा ठसा उमटला होता. तो झटकायला तिने हात पुढे केला आणि रागाने मागे घेतला.

तो राग खरा होता आणि चांगला भरपूर होता. आठवडाभर ती नीट जेवली नाही. शब्द दिला होता, सही केली होती, तिने मनात ओटा कुठे बांधायचा ते ठरवलं होतं, पाण्याची नळी कुठून न्यायची ते ठरवलं होतं. नवरा इस्पितळात एक्सरे काढायचा. त्याची डोकं शांत ठेवण्याची एक पद्धत होती, तो प्रत्येक गोष्ट उजेडासमोर धरून बघे. "तू त्यांना रोज विचारत होतीस, इथे दुखतं का, तिथे दुखतं का," तो म्हणाला. "शेवटी त्यांना दुखायला लागलं. यात त्यांची एकट्याची चूक नाही." "म्हणजे माझी?" "तुझी पण नाही. पण नोटीस पाठवायची ना?" नोटीस पाठवली. उत्तर आलं. दावा दाखल झाला. काकांच्या वकिलाने कैफियतीत बरंच काही लिहिलं, वय, एकटेपणा, गैरसमज, बाजारभाव. कबुतरांचं काही लिहिलं नव्हतं, कोमट भिंतीचंही नाही. ते वाचताना तिला काकांच्या वतीने जरा वाईटच वाटलं. माणसाचं खरं कारण त्याच्याच कागदात नव्हतं.

मग तारखा पडत गेल्या. सुरुवातीला दोघं बाकाच्या दोन टोकांना बसत, मधे काकांची पिशवी. मग कधीतरी पिशवी मांडीवर गेली. बोलणं असं फारसं नसे. काका कोर्टाच्या लिफ्टवर वैतागत, "दोर ओरडतोय, कुणाला ऐकू येत नाही का?" आणि ती त्यांच्या कवळीवर. ती जुनी होती, सैल झाली होती, आणि काही अक्षरांच्या आधी टक असा आवाज करी. ती कवळी ऐकत बसणं म्हणजे वाकडं लावलेलं चित्र दिवसभर समोर असण्यासारखं होतं. मग एकदा डॉक्टरांकडून नेहमीसारखे ठसे आले, डब्यांवर फक्त आकडे, आणि तिने एका ठशात प्लास्टर ओतलं, साचा मोकळा केला, आणि हातात फिरवताना तिची बोटं थांबली. खालच्या जबड्याची डावी कड अशी झिजलेली, हनुवटीकडे असा किंचित कल. इतक्या तारखा ती हा चेहरा बाजूने बघत बसली होती. विचारायची गरजच नव्हती. साचा परत पाठवता आला असता. हे काम मला जमणार नाही, एवढं कळवलं असतं तरी पुरे होतं. तिने ते इतर सगळ्या कामांच्या आधी घेतलं. दात रचताना तिला काकांच्या पुढच्या खोलीतला एक जुना फोटो आठवला, त्यात तरुण काका कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर हसत होते आणि वरचा एक दात जरासा वळलेला होता. तिने तो तसाच जरासा वळवला. नवऱ्याने साचा ओळखला नाही, पण तिचा चेहरा ओळखला. "कमाल आहे," सगळं ऐकून तो म्हणाला, "आता ते तुझ्याच दातांनी तुझ्याविरुद्ध साक्ष देणार." पुढच्या तारखेला काकांनी आपण होऊन ओठ उचलून नवे दात दाखवले. "डॉक्टर हुशार निघाला. हे बघ, परके वाटत नाहीत." "छान बसलेत," ती म्हणाली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, कारण तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

कॉरिडॉरमध्ये पुकारा होत होता. अजून त्यांचा नव्हता. काकांनी बिस्किटांचा पुडा नीट घडी घालून पिशवीत ठेवला. त्यांच्या हातांकडे बघताना तिला परत ती दुपार आठवली. खरं म्हणजे सकाळपासून ती दुपार तिच्या आसपासच कुठेतरी उभी होती. त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते. सगळ्यांना पुढची तारीख देऊन परत पाठवलं, आणि जिना उतरताना काकांनी कठडा धरला आणि ते पायरीवरच बसले. घाम, पांढरे ओठ. "काही नाही, सकाळी खायचं राहिलं," ते म्हणाले. तिने टॅक्सी थांबवली, त्यांना घरी नेलं. दावा दाखल झाल्यापासून ती त्या घरात पाऊल टाकत नव्हती. आणि घर बदललेलं होतं. खाट आता कोमट भिंतीला लागून होती. मागच्या खोलीतलं लोखंड गेलं होतं, खिडकी उघडी होती, खिडकीशी एक खुर्ची आणि त्या खुर्चीच्या हातांवर, जिथे मनगटं टेकतात तिथे, लाकूड गुळगुळीत झालं होतं. काका पाणी आणायला गेले. ती नको नको म्हणत असताना गेले. तिच्या पिशवीत एक दात होता, पोचवायचा राहिलेला. सवयीने तिने तो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. रंग तंतोतंत दिसला. सावली नाही, चकाकी नाही, मुळापासून टोकापर्यंत एकेक झाक वेगळी. असा उजेड तिने कित्येक वर्षं दुकानाच्या पायरीवर मागून आणला होता, आणि इथे तो नुसता पडून होता, भिंतीवर, फरशीवर, कबुतरांच्या चालण्याच्या आवाजात. पूर्वी कधी हवं होतं त्याच्या कितीतरी पट तिला ते घर हवंसं झालं. मागून काका येत होते. दोन्ही हातांत पेला, नजर पेल्यावर, आणि दाराजवळ एक फरशी सुटलेली होती. त्यांनी न बघता त्या फरशीला वळसा घातला. पायाने घातला. जसं आपण आपल्या दुखऱ्या दाताला चावताना वळसा घालतो, त्याची आठवणसुद्धा न करता. आणि ती इच्छा गेली. ओसरली वगैरे नाही. दिवा जावा तशी गेली, आणि तिला आश्चर्य वाटलं ते याचंच की त्यानंतर अंधार झाला नाही. आत सगळीकडे हलकं, मोकळं वाटत होतं. "काका, राहू द्या," ती म्हणाली. "हे घर मला नको." काकांनी पेला पुढे केला. "पाणी घे आधी," ते म्हणाले. तिने घेतलं. मग ते शेजारच्या बेकरीवाल्याबद्दल काहीतरी सांगू लागले, आणि ती ऐकत बसली, बराच वेळ, आणि तिला तिथून उठावंसं वाटत नव्हतं, आणि ते घर तिला नको होतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधावर प्लास्टरची साय होती. तिने पातेलं उचललं, मोरीत ओतलं, आणि ओतता ओतता तिला ते घर परत हवं झालं. तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. "मी माणसाच्या छातीचा फोटो काढतो," तो म्हणाला, "तेव्हा त्याला श्वास रोखून धरायला सांगतो. एक क्षण. त्याच्या आधी आणि नंतर आत काय हलतंय, ते मला माहीत नसतं. त्या एका फोटोवरून डॉक्टर सांगतात, फुप्फुस चांगलं आहे. बहुतेक बरोबरच असतं ते." "म्हणजे मी काय करू?" "मला काय माहीत? मी फोटो काढतो."

पुकारा झाला. काका तिच्या आधी उठले आणि कोर्टाच्या खोलीचं दार तिच्यासाठी धरून उभे राहिले, आणि वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

तिने शपथ घेतली. काकांचे वकील दर प्रश्नाआधी घसा खाकरत. पहिले प्रश्न सोपे होते, करार कधी झाला, पैशांची तजवीज कशी केली होती, नोटीस कुणी लिहिली. ती सांगितल्याप्रमाणे थोडक्यात उत्तरं देत गेली. तिला स्वतःचा आवाज लांबून ऐकू येत होता, प्लास्टर घट्ट होताना हाताला लागते तशी एक ऊब कानांमागे चढत होती. मग वकिलांनी एक कागद उलटला. "मागे एका तारखेला तुम्ही प्रतिवादींबरोबर टॅक्सीत बसून गेलात. आमच्या कारकुनाने पाहिलं. खरं का?" "हो. त्यांना चक्कर आली होती." "त्यांच्या घरात गेलात?" "हो." "तेव्हा दाव्यातल्या घराबद्दल काही बोलणं झालं?" तिने वकीलबाईंकडे पाहिलं, त्या निर्धास्त होत्या, त्यांना ठाऊक होतं की असं काही नाही. तिने काकांच्या वकिलांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तिच्या लक्षात आलं की त्यांनाही काही ठाऊक नाही. ते नुसतं चाचपडत होते. तिने काकांकडे पाहिलं. काका वर छताच्या पंख्याकडे बघत होते, एखादा आवाज कुठून येतोय हे शोधणारा माणूस बघतो तसे, फार लक्षपूर्वक. नाही म्हणायला एक शब्द पुरणार होता. तो तोंडात तयार होता, जिभेवर त्याचं वजनही जाणवत होतं. तो उच्चारला की मागची खोली जवळ येणार होती, खिडकी, ओटा, धूळ नसलेलं दूध. फक्त ती दुपार झालीच नव्हती असं म्हणावं लागणार होतं. आणि तिला एकदम कळलं की ती दुपार सोडायला आपण राजी नाही. घर एक वेळ सोडता येईल. पण पेला दोन्ही हातांत धरून येणारे काका आणि आत आलेला तो मोकळेपणा, हे बरेच दिवस तिच्याजवळ होतं, त्यावर ती निभावत होती, आणि ते पुसून त्यांच्याच घरात राहायला जायचं, त्यांनी रिकाम्या केलेल्या खोलीत, हे तिला बसेना. नीट न बसलेला दात चावताना लागतो तसं कुठेतरी उंच लागत होतं.

"बाई, उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

"हो, झालं," ती म्हणाली. "मी त्यांना म्हणाले, हे घर मला नको."

काकांचे वकील खाकरायला विसरले. वकीलबाईंच्या हातातलं पेन टेबलावर पडलं आणि घरंगळत गेलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "चेष्टेत म्हणालात?" "नाही साहेब. तेव्हा खरंच नको होतं." "आणि नंतर?" "दुसऱ्या दिवशी सकाळी परत हवं झालं. आजही हवंय." न्यायाधीश थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले, जणू त्यांनाही काही विचारायचं होतं पण ते या खोलीत विचारता येत नव्हतं. मग ते टंकलेखिकेकडे वळले आणि सांगू लागले, "वादी म्हणते की एका दुपारी तिला सदर घर नको होतं..." आणि टंकयंत्राच्या कळा वाजू लागल्या.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी फायली एकावर एक रचल्या, परत रचल्या. "युक्तिवाद करीन मी," शेवटी त्या म्हणाल्या. "पण आशा धरू नका. विसार परत मिळेल. घर गेलं." "माझं चुकलंच." "मला सकाळी सांगितलं असतंत, तर साक्षीला उभंच केलं नसतं." आणि मग, जाता जाता, जरा चिडून, जरा कुतूहलाने: "नंतर कसं काय हवं झालं म्हणे, एका रात्रीत?" "दुधात प्लास्टर पडलं होतं." वकीलबाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या पक्षकाराकडे गेल्या.

काका बाकावर बसले नव्हते. खिडकीपाशी पाठ करून उभे होते, आणि ती जवळ गेल्यावर एकदम वळले. ते रागावले होते. "तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?" "तुमच्या वकिलांनी विचारलं." "त्याला काय कळतंय! तो अंधारात खडे मारत होता. मी एक अक्षर सांगितलं नव्हतं त्याला." "म्हणजे तुम्ही ऐकलं होतंत." "न ऐकायला काय झालं? कान भाड्याने दिलेत का मी?" "मग सांगितलं का नाहीत? त्याच दिवशी दावा संपला असता." काका तिच्याकडे बघत राहिले, या प्रश्नाचा अर्थच त्यांना लागत नसावा. "ते तू मला म्हणाली होतीस," ते म्हणाले. तिने खिडकीबाहेर पाहिलं. काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि मग राग उतरल्यावर येतो तशा लहान आवाजात म्हणाले, "आणि मला तरी कुठे रोज हवं असतं? रविवारी बेकरी बंद असते, भिंत गार पडते. तेव्हा वाटतं, काय करतोय मी इथे, लेकीकडे जावं सरळ. सोमवारी परत बरं वाटतं. पण मला कुणी विचारलंच नाही. तुलाच पिंजऱ्यात उभं करून विचारतात, मला नाही."

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"तू? तू गप्प बस. तुझ्या विचारण्यापायी इतकी वर्षं या बाकावर काढली मी." आणि ते हसले. हसताना तो वळलेला दात दिसला, उजेडात, आणि तिने पाहिलं की त्याचा रंग जरासा चुकलाय, शेजारच्यापेक्षा एक छटा गडद. दुकानाच्या पायरीवर जुळवलेला रंग. तिने काही सांगितलं नाही.

कॉरिडॉरच्या टोकाला तिने नवऱ्याला फोन केला. "काय झालं?" "बहुतेक हरले. सांगून टाकलं सगळं." तिकडे यंत्राची घरघर होती, त्याने कुणाला तरी सांगितलं, श्वास घ्या आता, सोडा. मग तो म्हणाला, "बरं झालं. आता दुसरं घर बघू. फक्त या खेपेला मालकाला काही विचारायचं नाही. मुकाट्याने घ्यायचं आणि मग काय विचारायचं ते भिंतींना विचार." "खिडकी उत्तरेला आहे का, एवढं तरी?" "तेवढं मी होकायंत्र घेऊन बघतो. तू बाहेर उभी राहा."

ती जिन्याकडे वळली. लिफ्टसमोर माणसांची रांग होती आणि काका त्या रांगेत पुढे होऊन लिफ्टवाल्याला दोराबद्दल काहीतरी ऐकवत होते; त्यांनी तिच्याकडे न बघताच हात वर केला. ती पायऱ्या उतरू लागली. आणि तिथे, मधल्या वळणावर, तिला ते घर हवंसं वाटलं, पुन्हा, पूर्ण, सुटलेल्या फरशीसकट, अगदी दम लागेल इतकं. तिने कठडा धरला आणि ती इच्छा येऊ दिली. आता ती कुठल्या कागदावर लिहायची नव्हती. संध्याकाळपर्यंत टिकली नाही तरी चालणार होतं.